वाघ, गवा आणि टळलेली झुंज

कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात एक वाघ गव्यांच्या कळपामागे दबकत निघाला होता. कळपाला त्याची चाहूल लागली. अशा वेळी चितळं उधळतात, सांबर ठणाणा करत झाडीत घुसतं. गवे मात्र पळाले नाहीत. ते एकमेकांना खेटून, फळी धरून उभे राहिले आणि वाघ होता त्याच दिशेनं चालत निघाले. वाघानं शिकारीचा नाद सोडला आणि काढता पाय घेतला. नागरहोळेत वाघांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवून ठेवलेला हा प्रसंग आहे.

वाघ आणि गवा भिडले तर जिंकणार कोण, हा वाद शाळेच्या मैदानापासून मोबाईलवरच्या गप्पांपर्यंत कुठेही रंगतो. कुणी सिंहासमोर आफ्रिकेतला रानरेडा उभा करतो, कुणी लांडग्यांसमोर बायसन. दापोली तालुक्यातल्या बुरोंडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात हा प्रश्न थेट गोठ्यापर्यंत येतो. तिथे सड्यावर गुरं चरतात आणि आंबा-काजूच्या बागांतून बिबट्या फिरतो. म्हणून तिथलं कोडं असं: वाघरू, म्हणजे बिबट्या, आपल्या बैलावर जाईल का, आणि गेलंच तर बैल त्याला पुरून उरेल का? गवे मात्र किनाऱ्यापेक्षा घाटाच्या अंगाला जास्त. रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्वेला सह्याद्रीचा जो कणा आहे, त्याच्या जंगलात आजही गव्यांचे मोठे कळप आहेत. त्या जंगलात पट्टेरी वाघ जवळजवळ संपला होता आणि आता तो परत येऊ लागला आहे. वाघ विरुद्ध गवा हा प्रश्न त्यामुळे महाराष्ट्रापुरता तरी निव्वळ कल्पनेतला राहिलेला नाही.

आधी वजनाचा हिशोब पाहू. भारतातला पूर्ण वाढलेला नर वाघ साधारण १८० ते २६० किलोचा असतो, मादी १०० ते १६० किलोची. भरात आलेला नर गवा ७०० किलोपासून हजार किलोपर्यंत जातो. रानटी गोवंशात जगात सर्वांत मोठा प्राणी हाच. कोल्हापूरच्या लाल मातीत कुणी वस्ताद अशी जोड लावायला धजणार नाही.

गव्याचा नर जवळून पाहिला की नुसतं वजन सांगून का भागत नाही ते कळतं. खांद्यापाशी त्याची उंची सहा फुटांच्या घरात जाते. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत स्नायूंचा उंच वरवंटा असतो आणि तो मध्येच एकदम खाली उतरतो. अंग तेलकट काळं, कपाळ राखी, शिंगांची टोकं काळी आणि मुळं पिवळसर-हिरवट, गुडघ्यांखाली चारही पाय पांढरट. दोन नर समोरासमोर आले की बहुतेकदा ते टक्कर देत नाहीत. एकमेकांना अंगाची आडवी बाजू दाखवत हळूहळू चालतात. कोण किती थोराड आहे ते दोघांनाही कळतं आणि लहान असेल तो वाटेतून बाजूला होतो. धोका जाणवला की गवा नाकातून शिट्टीसारखा फुत्कार टाकतो, त्यासरशी सगळा कळप सावध होतो. त्याची नजर तितकीशी तेज नसली, तरी नाक विलक्षण तिखट असतं.

समोर हे एवढं धूड उभं असताना वाघ कशाच्या जोरावर पुढे सरकतो?

वाघाचा जोर लपून येण्यात आहे. तो पाठलाग करणारा प्राणी नाही. गवत, झुडपं, ओढ्याचा काठ, मिळेल त्या आडोशानं तो भक्ष्याच्या शक्य तितका जवळ जातो. शेवटचं थोडं अंतर राहिलं की झेप. लहान प्राणी असेल तर मानेच्या मागच्या बाजूला दात रोवून मणका मोडतो. मोठा असेल तर खालून नरडं धरतो आणि श्वास कोंडेपर्यंत सोडत नाही. यात काही मिनिटं जातात. तेवढा वेळ तो जनावराच्या डोक्याजवळ आणि शिंगांच्या पल्ल्यात असतो, म्हणून त्याला अंग जमिनीसरसं ठेवून पकड टिकवावी लागते. एवढं करूनही बहुतेक प्रयत्न फसतात. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हाच्या जंगलात वाघांचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजानं वीस प्रयत्नांत एखादाच साधत असावा. कळपातल्या एका जनावराला जरी वाघ दिसला, तरी डाव संपतो.

थोडक्यात, निकाल झटापटीत लागत नाही, त्याआधीच लागलेला असतो. आधी कुणी कुणाला पाहिलं यावर तो ठरतो. वाघ दिसला नाही तर मोठी गवी किंवा क्वचित मोठा नरही पडतो. हजार किलोच्या आसपासचे धट्टेकट्टे नर वाघानं मारल्याच्याही नोंदी आहेत. वाघ दिसला तर तोच गवा त्याला हुसकावून लावतो. गव्याच्या शिंगांनी वाघ मेल्याच्या गोष्टी शिकाऱ्यांच्या जुन्या आठवणींत सापडतात आणि त्या अशक्य मानायचं कारण नाही. गव्याचं शिंग वर वळलेलं असतं. डोकं तिरकं करून दिलेला एक हिसका २०० किलोचं अंग सहज उडवू शकतो.

वाघाला जखम परवडत नाही, हे सगळ्या हिशोबाचं मूळ आहे. गव्याची एक बरगडी दुखावली तरी तो चरू शकतो, कळपात राहू शकतो. वाघाचा पुढचा पाय अधू झाला किंवा सुळा मोडला, तर तो उपाशी मरतो किंवा सोप्या भक्ष्याकडे, म्हणजे गुराढोरांकडे वळतो. दर झेपेला वाघ जीव पणाला लावतो. म्हणून आपलं पारडं जड नाही असं दिसलं की तो मागे फिरतो. माणसाला हा भित्रेपणा वाटेल, पण वाघ जगतात ते असा हिशोब पाळूनच.

नागरहोळेत के. उल्लास कारंत आणि मेल सनक्विस्ट यांनी वाघ, बिबट्या आणि कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे काय काय मारतात याचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९९५ मध्ये तो प्रसिद्ध केला. तिथल्या वाघांच्या भक्ष्याचं सरासरी वजन सुमारे ९२ किलो निघालं, कोळसुंद्यांचं ४३ आणि बिबट्याचं ३८ किलो. एकाच जंगलात तिघे शेजारी राहतात ते या वाटणीमुळे. वाघ गव्याला टाळत नाही, उलट मोठं भक्ष्य त्याला हवंच असतं. फक्त त्यातलं कोणतं जनावर घ्यायचं ते तो निवडतो. वासरू, वर्ष-दोन वर्षांचं पोर, कळपापासून तुटलेली गवी, म्हातारा एकटा नर. वाघाला वर्षाला साधारण ५० मोठी जनावरं लागतात. एक गवी मिळाली तर त्याचे कित्येक दिवस निघतात.

वासरू मारलं तरी ते वाघाच्या तोंडी लागेलच असं नाही. मलेशियातली एक नोंद आहे. वाघानं गव्याचं वासरू मारलं, पण कळपानं मेलेल्या वासराभोवती कडं केलं आणि वाघाला जवळ येऊ दिलं नाही.

असं कडं करण्यात गवे एकटे नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात सप्टेंबर २००४ मध्ये एका पर्यटकानं टिपलेली झटापट जगभर पाहिली गेली. सिंहांनी पाणवठ्याजवळ रानरेड्याचं वासरू धरलं, ते सिंहांसकट पाण्यात पडलं. तिथे मगरीनं त्याला दुसरीकडून पकडलं. सिंहांनी ओढून वासरू बाहेर काढलं आणि त्याला घेरून बसले. एवढ्यात पळून गेलेला कळप परतला, मोठ्या संख्येनं. एका रेड्यानं सिंहाला शिंगावर घेऊन हवेत भिरकावलं, बाकीच्यांनी उरलेल्या सिंहांना पिटाळलं आणि वासरू उठून कळपात गेलं. सिंह कळपानं शिकार करतात, तेव्हा त्यांना मोठा रेडा पाडता येतो. पण समोरचा कळप एकजुटीनं उलटला तर सिंहांची संख्याही अपुरी पडते.

अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये १९९५ आणि १९९६ साली लांडगे पुन्हा आणून सोडले. तिथे अभ्यासकांना संख्येचं गणित जवळून पाहता आलं. एल्क नावाचं मोठं हरीण मारायला दोन ते सहा लांडगे पुरतात, त्याहून जास्त असले तरी यश फारसं वाढत नाही. बायसन मारायचा तर नऊ ते तेरा लांडगे एकत्र आले तरी प्रत्येकाचा हात कामी येतो. तिथेही पाय रोवून उभा राहणारा बायसन वाचतो आणि पळणारा जास्त मारला जातो. नागरहोळेच्या गव्यांनी वाघासमोर नेमकं हेच केलं होतं.

वाघाचा लपून येण्याचा हुकमी डाव काढून घेतला तर काय होतं, हे जावा बेटावरच्या राजांनी पूर्वीच पाहून ठेवलं होतं. १७व्या शतकापासून १९व्या शतकापर्यंत तिथल्या दरबारांत वाघ आणि रेडा यांची झुंज लावायची प्रथा होती. बहुतेक वेळा रेडा जिंकायचा. त्याला कारणही होतं. बंद रिंगणात वाघाला लपायला जागा नव्हती, रेडा त्याला पहिल्या क्षणापासून पाहत होता आणि पकडून ठेवलेल्या वाघाच्या अंगात मुळात त्राण उरलेलं नसायचं. अशा खेळांतून वाघ कमी ताकदीचा ठरत नाही. वाघ नेमका कशाच्या बळावर जगतो, तेवढं त्यातून कळतं.

आता सह्याद्रीकडे येऊ. कोल्हापूर जिल्ह्यातलं दाजीपूर, म्हणजे आजचं राधानगरी अभयारण्य, १९५८ साली गव्यांसाठी राखलं गेलं. महाराष्ट्रातलं ते पहिलं अभयारण्य. पुढे १९८५ मध्ये त्याचा विस्तार झाला. कोयना आणि चांदोली मिळून ५ जानेवारी २०१० रोजी सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा हा पट्टा सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरला आहे. नावात वाघ होता, जंगलात मात्र वाघाचा ठावठिकाणा लागणं मुश्कील होतं. मे २०१८ मध्ये चांदोलीत स्वयंचलित कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. त्यानंतर पुन्हा मोठा खंड पडला आणि डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एक वाघ दिसला. हे वाघ दक्षिणेकडून, गोवा आणि कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूनं, डोंगररांगेच्या आधारानं वर सरकतात. पण येणारे बहुतेक नर. वाघीण आल्याशिवाय संख्या वाढणार नव्हती. म्हणून २०२५ च्या अखेरीस ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली.

ही वाघीण ज्या जंगलातून आली, तिथे गवे आहेत. नव्या घरीही गवे आहेत. फरक जमिनीचा आहे. ताडोबा बऱ्यापैकी सपाट, बांबू आणि सागाचं जंगल. तिथे चितळांचे कळप आणि सांबर भरपूर. सह्याद्रीत खोल दऱ्या, दाट सदाहरित झाडी आणि मधूनच उघडे सडे. चितळ इथे कमी, म्हणून वाघाची भिस्त सांबर, रानडुक्कर आणि गव्यावर. घाटातलं जंगल दाट, म्हणजे आडोसा जास्त. सड्यावर मात्र कळपाला दूरवरचं दिसतं आणि वारा वाहता असतो. त्यामुळे एकाच दिवसात एकच वाघ झाडीत वरचढ ठरू शकतो आणि सड्यावर हतबल.

वाघ नसताना सह्याद्रीतल्या गव्यांच्या वाट्याला कोण होतं? बिबट्या आणि कोळसुंदे. कोळसुंदा वजनानं जेमतेम १२ ते २० किलो. टोळीनं आला तर तो वासरू कळपातून तोडू शकतो. बिबट्याही एकटं सापडलेलं वासरू मारतो. पूर्ण वाढलेल्या गव्याला हात घालणं दोघांच्याही आवाक्याबाहेरचं. म्हणजे वासरूपण पार केलेल्या गव्याला इथे निसर्गातला शत्रूच उरला नव्हता.

शत्रू नव्हता, तरी गवे सुखात होते असं नाही. गव्याचा सगळ्यांत मोठा वैरी सुळे असलेला नव्हता. १९६८ साली बंदिपूर आणि मुदुमलैच्या जंगलांत गुरांच्या बुळकांडी रोगानं गव्यांचे कळपच्या कळप झोपवले. कोणत्याही वाघाला जमणार नाही एवढे गवे एका साथीनं नेले. पाळीव गुरांच्या लसीकरणानं तो रोग हटला आणि २०११ मध्ये जगातून तो नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. मध्य प्रदेशातल्या बांधवगडमधून गवे १९९० च्या दशकात नाहीसे झाले होते. २०११ आणि २०१२ मध्ये कान्हाहून ५० गवे तिथे नेऊन सोडले. बांधवगड वाघांनी गजबजलेलं, तरीही पुढे कळप वाढून संख्या शंभराच्या वर गेली. वाघांनी वासरं मारली, कळप मात्र टिकला. जंगल धड असेल तर वाघ गव्यांना संपवत नाही, हे इथे स्पष्ट दिसलं.

सह्याद्रीच्या पायथ्याशी आता गव्यांची गाठ माणसाशी पडते. कोल्हापूर आणि सिंधुदुर्गात गवे उसात, केळीत, भातात उतरतात. रत्नागिरीतही कठडा नसलेल्या विहिरीत गवा पडला, वनखात्यानं जेसीबीनं वाट करून बाहेर काढला, अशा बातम्या येतात. वाघ नाही म्हणून गवे खाली आले, एवढंच सरळ उत्तर यावर देता येत नाही. वरच्या कुरणांत माजलेलं रान, उन्हाळ्यातली पाणीटंचाई, जंगल तोडत गेलेले रस्ते आणि शेतातला रसरशीत चारा ही सगळी कारणं त्यात आहेत. पण वाघ असलेल्या जंगलात कळप एका जागी ठिय्या देत नाहीत, सतत हलत राहतात, असं मानलं जातं.

९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये एक गवा वस्तीत शिरला. गर्दी जमली, लोक मागे धावले, गवा बिथरून सोसायट्यांच्या भिंतींवर आदळत राहिला. अनेक तासांनी भुलीचं इंजेक्शन देऊन त्याला पकडलं आणि थोड्याच वेळात तो मेला. वाघाला पाठ न दाखवणारं हे जनावर माणसांच्या गर्दीपुढे काही तासांत हरलं. गवा वस्तीत दिसला तर त्याच्यापासून लांब राहायचं, त्याची वाट मोकळी ठेवायची आणि वनखात्याला कळवायचं. त्याला वाचवायचा यापेक्षा चांगला उपाय नाही.

बुरोंडीच्या बाजूला, समुद्राच्या अंगाला, झुंज असते ती बिबट्या आणि पाळीव गुरांची. इथे गणित उलटं फिरतं. बिबट्या ३० ते ७० किलोचा. सड्यावर मोकळ्या चरणाऱ्या, शिंगं असलेल्या मोठ्या बैलावर तो सहसा जात नाही. त्याला शेळी, वासरू, कुत्रं सोपं पडतं. पण तोच बैल गोठ्यात दाव्याला बांधलेला असेल, तर त्याला वळता येत नाही, मागे सरता येत नाही आणि कळपाचा आधार नसतो. गव्यांना वाघासमोर जे जे वाचवतं, ते सगळं दाव्यानं काढून घेतलेलं असतं. त्यामुळे कोकणातल्या गोठ्याला भक्कम दार, छपरापर्यंत गेलेली भिंत किंवा जाळी आणि रात्री दिवा असणं हे बिबट्याला मारण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं ठरतं. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबटे अडकतात आणि तडफडून मरतात. त्यातून गुरांचं रक्षण काहीच होत नाही.

पट्टेरी वाघाबाबत हा प्रश्न आणखी जिवावरचा आहे. जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावली इथे एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषबाधेनं मेली. वाघांनी गुरं मारल्याचा राग त्यामागे होता. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि त्याच गव्यांच्या डोंगरात वाघांचं अख्खं कुटुंब गव्यांच्या शिंगांनी नाही, विषानं संपलं. हे वाघ सह्याद्रीच्या ज्या पट्ट्यात होते, त्याच पट्ट्यातून चांदोलीकडे जाणारी वाट सुरू होते. चार वाघ गेले म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांत वर येऊ शकणारी पिढीच गेली.

ही वाट जोडून ठेवण्यासाठी महाराष्ट्रानं तिलारी, आंबोली-दोडामार्ग, चंदगड, विशाळगड, पन्हाळगड असे संवर्धन राखीव पट्टे जाहीर केले आहेत. नकाशावर ते राधानगरी आणि चांदोलीपर्यंत एका ओळीत दिसतात. प्रत्यक्षात मध्ये रस्ते, खाणी, रबराच्या आणि काजूच्या बागा आहेत, आणि तिथे गुरं पाळणारी माणसं आहेत. अशा ठिकाणी वाघानं म्हैस मारली तर पुढच्या दोन दिवसांत काय होतं, यावर वाघाचं भवितव्य ठरतं. मेलेलं जनावर जागचं न हलवता वनखात्याला कळवलं, पंचनामा वेळेत झाला आणि भरपाईचे पैसे मालकाच्या हाती लवकर पडले, तर वाघ त्या शिकारीवर पुन्हा येतो आणि खाऊन पुढे जातो. हे झालं नाही, तर मेलेल्या म्हशीवर विष टाकायला फार वेळ लागत नाही. चांदोलीतली वाघीण गव्याच्या कळपाशी कशी वागेल, हे ती आईकडून शिकून आली आहे. तिच्या पिल्लांनी मोठं होऊन तीच कला या डोंगरात वापरावी असं वाटत असेल, तर घाटाखालच्या आणि घाटावरच्या गोठ्यांना दारं बसवणं आणि भरपाईची कागदपत्रं वेळेत हलवणं, ही दोन कामं आज हातात घेता येण्यासारखी आहेत.